पायवाट, पायगाडी आणि मुठेवरचे पूल

दर पावसाळ्यात एकदा तरी ती बातमी येतेच. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला, नदीपात्रातला रस्ता बंद केला. सोबत छायाचित्र असते: गढूळ पाण्याचा एक सपाट पट्टा, त्यातून वर आलेला कठड्याचा भाग, आणि लकडी पुलावरून वाकून पाहणारी गर्दी. पुणेकरांच्या लेखी भिडे पूल हा पर्जन्यमापकच झाला आहे. किती मिलिमीटर पाऊस पडला हे कुणाला आठवत नाही, ‘भिडे पूल गेला’ एवढे पुरते. पण या बातमीत एक गोष्ट कधीच नसते. रोज त्या पुलावरून चालत किंवा सायकलवर नदी ओलांडणारा माणूस त्या दिवशी कुठून गेला? वाहतूक ‘वळवली’ एवढे आपण वाचतो. वळसा पडला तर गाडीवाल्याचे पेट्रोल जाते. पायी जाणाऱ्याचे पाय जातात. हा फरक बातमीच्या व्याकरणात बसत नाही.

पुण्याच्या पुलांवर लिहिले गेलेले बरेचसे लेखन स्मरणरंजनाचे आहे आणि मला त्याचा तिटकारा नाही. तरीही एक प्रश्न बाजूला राहिला आहे असे वाटते. या शहराने आपल्या नदीचा विचार लांबीच्या दिशेने अधिक केला की आडव्या दिशेने? म्हणजे काठाकाठाने, की या तीरावरून त्या तीरावर? आज पादचारी आणि सायकलस्वारांसाठी सलग मार्ग आखण्याची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली असताना हा प्रश्न केवळ इतिहासाचा उरत नाही. मात्र त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि काही अंशी शब्दांतही आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. ‘तीर्थ’ हा शब्द आपण पावित्र्याशी जोडतो. पण त्याचा धातू ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, ओलांडणे. तीर्थ म्हणजे मुळात नदी जिथे ओलांडता येते ती जागा. पावित्र्य मागाहून आले. आधी पाय ठेवायला तळ सापडला. मराठीत याच अर्थाचा साधा शब्द ‘उतार’. नदीला उतार आहे, म्हणजे पाणी इतके उथळ आहे की माणूस चालत पलीकडे जाईल. आणि ‘उतारू’ म्हणजे प्रवासी. आगगाडी आल्यावरही आपण तोच शब्द वापरत राहिलो. प्रवास करणे म्हणजे नदी ओलांडणे, अशी या भाषेची जुनी समजूत आहे. नदीच्या काठाने चालत जाण्याला मात्र असा एखादा खास शब्द चटकन सुचत नाही. काठ धुण्याभांड्यांसाठी, स्नानासाठी, दहनासाठी. वाट ती आडवी.

पुण्याच्या मुठेचे जुने चित्र या समजुतीला धरूनच आहे. मूळ वस्ती उजव्या तीरावर, कसब्याच्या आसपास. पलीकडे भांबुर्डे, पाताळेश्वराचे लेणे, एरंडवण्याची शेते. पावसाळ्याचे महिने सोडले तर माणसे आणि जनावरे पात्रातूनच ये-जा करीत. कुंभारवेशीपाशी ठेंगणा दगडी बांध-पूल होता. लकडी पुलाविषयीची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे: पानिपताहून परतणाऱ्या सैनिकांना नेहमीच्या वेशीतून, लोकांच्या नजरांखालून यावे लागू नये म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो घाईघाईने लाकडात बांधवला. पानिपत जानेवारी १७६१ मधले आणि नानासाहेबांचा पर्वतीवरचा मृत्यू त्याच वर्षीच्या जूनमधला. मधला अवकाश पाच महिन्यांचा. कथा खरी असो वा नसो, तिच्यात पुलाचा वापरकर्ता कोण आहे ते पाहण्याजोगे आहे. तो पराभूत, दमलेला, पायी चालणारा माणूस आहे. पुलाच्या जन्मकथेत रथ नाही, हत्ती नाही, तोफखाना नाही. पेशवाईतला तो लाकडी पूल एकोणिसाव्या शतकात दगडी झाला, नाव मात्र लाकडाचेच राहिले. पुढे त्याला छत्रपती संभाजी पूल हे अधिकृत नाव मिळाले, तरी रिक्षावाल्याला आपण आजही ‘लकडी पूल’ असेच सांगतो.

इंग्रजांनी बांधलेल्या पुलांचा हेतू वेगळा होता. त्यांना पेठा जोडायच्या नव्हत्या. छावणी, रेसिडेन्सी, खडकीचा तळ आणि मुंबईकडची वाट जोडायची होती. संगमावरचा वेलस्ली पूल १८३० मध्ये लाकडाचा झाला, १८७५ मध्ये दगडाचा. बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल १८६९च्या सुमाराचा. हा दुसरा पूल आता वाहनांना बंद आहे आणि माणसे त्यावर फिरायला जातात. जवळजवळ दीडशे वर्षांनी पूल पायी माणसांच्या वाट्याला आला, तोही तो थकल्यावर. लॉइड पूल, म्हणजे आपला नवा पूल, १९२३ चा. शंभरी उलटून गेली तरी तो ‘नवा’च आहे, आणि त्याचेही अधिकृत नाव छत्रपती शिवाजी पूल असे आहे. असो. हे पूल भक्कम आहेत, देखणे आहेत. पण आपला विषय ज्या रोजच्या ओलांडण्याचा आहे ते एका वेगळ्याच कारणाने वाढले.

ते कारण म्हणजे शिक्षण. १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय प्रथम शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात भरत असे. १८९५च्या सुमारास ते पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी, स्वतःच्या इमारतीत गेले. या स्थलांतराचे वर्णन आपण संस्थेच्या प्रगतीचा टप्पा म्हणून वाचतो. शहराच्या दृष्टीने पाहिले तर दुसरेच काही घडले: रोज सकाळी नदी ओलांडणारा आणि रोज संध्याकाळी परतणारा एक वर्ग जन्माला आला. विद्यार्थी आणि प्राध्यापक पेठांत राहत, वर्ग पलीकडे भरत. त्याआधी पलीकडे जाणे हे शेतीचे, देवदर्शनाचे, क्वचितचे काम होते. आता ते वेळापत्रकाचे झाले. १९०५ मध्ये भारत सेवक समाज, १९१७ मध्ये भांडारकर संस्था, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था अशा एकामागून एक संस्था त्याच तीरावर उभ्या राहिल्या. महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातला मोठा भाग लकडी पुलाच्या एका टोकाला राहत होता आणि दुसऱ्या टोकाला काम करीत होता. त्याच्या वादांचा इतिहास आपण लिहिला. त्याच्या येण्याजाण्याचा नाही.

एका येण्याजाण्याची नोंद मात्र आहे, कारण ज्याने ते केले त्यानेच ती लिहून ठेवली. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि १९०० साली त्यांचा अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळरानावर गेल्यावर शहर आणि हिंगणे यांच्यामध्ये पायपीट करीत. ‘आत्मवृत्त’ वाचताना आपले लक्ष ध्येयनिष्ठेकडे जाते, आणि ते योग्यच आहे. तरी क्षणभर रस्त्याकडे पाहावे. तिथे रस्ता नव्हताच. शेतांमधली पायवाट, पावसाळ्यात चिखल. आज कर्वे रस्ता म्हणून जो मार्ग आहे, ज्यावर मेट्रोचे खांब आणि दुमजली उड्डाणपूल आहे, त्याच्या तळाशी एका गणिताच्या शिक्षकाची पायवाट आहे. ज्याचे नाव त्या रस्त्याला दिले त्याने तो चालून काढला; आणि आज तोच रस्ता चालत ओलांडायचा म्हटले तर छातीत धडधडते.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. अशा स्वरूपाचा तो या देशातला पहिलाच. भांबुर्ड्याच्या बाजूला आखणी करून रस्ते आणि भूखंड पाडले गेले. डेक्कन जिमखान्याची संस्था १९०६ ची. तिच्या भोवती १९२०च्या दशकापासून बंगले उभे राहू लागले. नगररचनेच्या या पहिल्या पिढीने पलीकडच्या तीरावर रुंद रस्ते आणि झाडे दिली, याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण आखणीचा कागद नदीच्या काठापाशी संपला. पेठा जुन्या, डेक्कन नवे. दोन्हींच्या मधला दुवा म्हणजे आधीच असलेला पूल, एवढेच गृहीत धरले गेले. दोन भिन्न वस्त्या एकमेकींशी पायी कशा जोडल्या जातील, हा प्रश्न कोणत्याही एका योजनेच्या हद्दीत येत नव्हता, म्हणून तो कोणत्याच योजनेत आला नाही.

तो प्रश्न सोडवला सायकलने. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणण्याची सवय आता इतकी जुनी झाली आहे की त्यामागचे भूगोलाचे कारण विसरले जाते. शहर बहुतांशी सपाट, हवा सौम्य, अंतरे मोजकी हे तर खरेच. पण सदाशिव पेठेतून फर्ग्युसनला, कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्याला, नारायण पेठेतून डेक्कनला जायचे म्हणजे पूल गाठायला वळसा आला, आणि वळशाचे अंतर पायांना जड, सायकलला हलके. सायकलने पुलांची संख्या वाढवली नाही, पण असलेला पूल प्रत्येक दाराच्या जवळ आणला. जुन्या पिढीच्या आठवणींत ती साधनसामग्री अजून जिवंत आहे: तासावर भाड्याने मिळणारी सायकल, नगरपालिकेच्या कराचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा नसल्याबद्दल होणारा दंड, आणि डबलसीट बसलेल्याने चौक येण्याआधी उतरून पोलिसासमोरून साळसूदपणे चालत जाणे. हा सगळा कायदा आणि सगळी पळवाट सायकलला वाहन मानून उभी होती. तिच्यावर कर होता, तिला नियम होते, म्हणजेच तिला रस्त्यावर हक्क होता. आज तिला कर नाही, नियम नाहीत आणि जागाही नाही.

त्या काळात तिला मराठीत ‘पायगाडी’ असेही म्हणत. शब्द मोठा मार्मिक आहे. पायाने चालणारी गाडी. म्हणजे पादचारी आणि वाहन यांच्या मधली जात. पुढे या शब्दाचे काय झाले याकडे येईनच.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेच्या पाण्याने पेठा आणि पलीकडचा काठ दोन्ही बुडवले. पुलांवरून पाणी गेले. या प्रलयाच्या हानीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, शहराला प्रथमच शब्दशः कळले की आपण दोन शहरे आहोत आणि मधले धागे मोजके आहेत. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी: पूरग्रस्तांचे पुनर्वसन. काठच्या वाड्यांतली कुटुंबे नव्या वसाहतींत गेली, त्यांतली गोखलेनगरसारखी वसाहत नदीपलीकडे, टेकडीच्या कुशीत वसली. माणसे तिकडे गेली. त्यांचे धंदे, शाळा, देवळे, नातेवाईक मात्र पेठांतच राहिले. म्हणजे पुराने जितकी माणसे हलवली तितक्या रोजच्या फेऱ्या नदीवर वाढवल्या. त्या फेऱ्या सुरुवातीला बव्हंशी पायी आणि सायकलवरच्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांची आखणी कशी असावी याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. देशात नियम होता, पुण्यात गरज होती. दोघांची गाठ पडायला चार दशके लागली, आणि तोवर सायकल रस्त्यावरून जवळपास उतरली होती.

कारण मधल्या काळात शब्दाने दगा दिला. ‘दुचाकी’ हा शब्द पूर्वी सायकललाही चालत असे. ‘बायसिकल’चा अर्थ तरी दुसरा काय आहे? १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक स्कूटर बाहेर पडली, त्याच वर्षी लुना आली, आणि पुणे हे दुचाकींचे शहर झाले. शब्द तोच राहिला, आतला माणूस बदलला. पायगाडी हा शब्द मागे पडला. दुचाकी म्हणजे इंजिनाची गाडी असे ठरले. भाषेच्या विद्यार्थ्याला अर्थसंकोचाचे हे नेहमीचे उदाहरण वाटेल. पण या अर्थसंकोचाला सिमेंटमध्ये रूप मिळाले, हे त्याचे वेगळेपण. ‘दुचाकींसाठी’ असे म्हणून जे बांधले गेले ते सायकलस्वाराला आपले वाटावे आणि प्रत्यक्षात स्कूटरचे निघावे, अशी सोय त्या एका शब्दाने करून दिली. लकडी पुलावर अनेक वर्षे दुचाकींना बंदी होती. त्या फलकासमोर थांबलेल्या सायकलस्वाराने स्वतःला काय समजायचे? दुचाकी समजला तर रस्ता बंद, पादचारी समजला तर सायकल हातात धरून पदपथावर चढा.

या शब्दच्छलाचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे झेड पूल. नारायण पेठ आणि डेक्कन यांना जोडणारा, वळणांमुळे त्या इंग्रजी अक्षरासारखा दिसणारा हा पूल विसाव्या शतकाच्या अखेरीस दुचाकी आणि पादचाऱ्यांसाठी म्हणून झाला. कल्पना मुळात उत्तम होती, हे आधी सांगितले पाहिजे. मोटारी वगळून केवळ हलक्या प्रवाशांसाठी नदीवर स्वतंत्र पूल बांधणे हा विचार त्या वेळी आपल्याकडे दुर्मिळ होता. जागाही नेमकी निवडली होती. शतकभर माणसे जिथून पलीकडे जाऊ पाहत होती तीच. पण ‘हलका प्रवासी’ म्हणजे स्कूटर असे ठरल्यावर पुलाचा चढ, वळणे, दोन्ही टोकांची उतरण हे सगळे स्कूटरच्या मापाने आले. पूल जिथे जमिनीला टेकतो तिथे पायी माणसाला पुढे कुठे जायचे आहे, रस्ता ओलांडायचा आहे की पदपथ गाठायचा आहे, हा विचार पुलाच्या कामात मोडत नव्हता. पूल संपला की योजना संपली.

त्या पुलाला नाव दिले आहे काकासाहेब गाडगीळांचे. न. वि. गाडगीळ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम खात्याचे मंत्री होते, त्यामुळे पुलाला त्यांचे नाव शोभते. पण मराठीच्या वाचकाला आणखी काही आठवावे. १९६२ च्या सातारा साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘पथिक’. पथिकाचे नाव दिलेला पूल, आणि त्यावर पथिक मात्र कठड्याला चिकटून चालणारा. नाव देणाऱ्यांच्या मनात ही विसंगती नसणार; नावे देताना आपल्याकडे कुणी पुस्तके उघडत नाही. तरीही झेड पुलाच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. संध्याकाळी त्या कठड्याशी गाड्या लावून तरुण जोडपी उभी असतात, आणि त्यांच्यावर भरपूर टीका झाली आहे. मला मात्र असे दिसते की या शहरात नदीकडे तोंड करून थोडा वेळ थांबण्याची सवय फक्त त्यांनी टिकवली. बाकी सगळे ओलांडण्याच्या घाईत.

भिडे पूल त्याच सुमारास लोकांच्या सवयीत रुजला. तो तर पूल कमी आणि उतार जास्त. नदीच्या तळाला धरून असलेला, पुराचे पाणी वरून जाऊ देणारा. एका अर्थाने तो मुठेवरच्या ओलांडणीचा सर्वांत जुना प्रकार आहे, फक्त काँक्रीटमध्ये. म्हणूनच तो लोकांना आवडतो: चढ नाही, वळसा नाही, घाट उतरले की पलीकडे. आणि म्हणूनच तो दर वर्षी हातचा जातो. २०२५ मध्ये तो वेगळ्याच कारणाने काही काळ बंद राहिला. डेक्कन मेट्रो स्थानकाला पेठांशी जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या कामासाठी. पादचाऱ्यांसाठी नवी वाट करताना जुनी वाट बंद करावी लागली, यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. बांधकामे अशीच होतात. पण त्या काळात पर्यायी पायी मार्ग कोणता हे सांगणारा फलक असणे ही बांधकामाचीच बाब आहे, असे आपल्याकडे अजून मानले जात नाही.

कागदावर मात्र आपण पुष्कळ पुढे गेलो आहोत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलवणे हे उद्दिष्ट मानले. त्याच वर्षअखेरीस पुण्यात सातारा रस्ता–हडपसर मार्गावर जलद बससेवा सुरू झाली आणि तिच्यासोबत सायकलमार्ग आले. झाडे, रोहित्रे, थांबे आणि उभ्या गाड्या यांनी त्यांचे तुकडे केले. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, २०१७ च्या डिसेंबरात एकात्मिक सायकल आराखड्याला मंजुरी मिळाली. या आराखड्याचे मोल कमी लेखू नये. सुटे सायकलमार्ग नव्हे तर शहरभर जाळे, ही भाषा त्याने रूढ केली. पण जाळे किती घट्ट विणले आहे हे गाठींवरून कळते, आणि नदीकाठच्या शहरात त्या गाठी म्हणजे पुलांची टोके. लकडी पुलाच्या एका टोकाला खंडोजीबाबा चौक, दुसऱ्या टोकाला टिळक चौक. सायकलमार्ग पुलावर कितीही चांगला रंगवला तरी या दोन चौकांत सायकलस्वार कुठे उभा राहील आणि कसा वळेल, याचे उत्तर नसेल तर तो रंगच.

बाहेरचा एकच दाखला देतो, कारण तो नेमका या मुद्द्याचा आहे. कोपनहेगन हे सायकलींचे आदर्श शहर म्हणून आपल्या भाषणांत फार येते. तिथे २००६ मध्ये बंदराच्या पाण्यावर केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पूल झाला. पूल उत्तम, पण एका टोकाला वरच्या रस्त्याकडे जायला जिना होता. सायकलस्वार सायकल उचलून जिना चढत किंवा धक्क्यावरच्या पादचाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत. आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, तो जिना टाळणारा एक नागमोडी उंच सायकलमार्ग बांधला गेला. त्याचे डॅनिश नावच ‘सायकल-सर्प’ अशा अर्थाचे आहे. जगभर छायाचित्रे गाजली ती या सर्पाची. खरी गोष्ट साधी होती: पूल दाराशी पोचत नव्हता, तो पोचवला. त्या शहरालाही पुलानंतर हे समजायला आठ वर्षे लागली, एवढा दिलासा आपण घ्यावा.

आता पुण्यात नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरच्या पट्ट्यात काठ बांधून काढायचा आणि त्यावर चालण्याचे, सायकलचे सलग मार्ग करायचे अशी ही योजना. पूरपातळी आणि झाडे यांवरून तिला झालेला विरोध गंभीर आहे. तो वाद जाणकारांनी मांडला आहे आणि माझा कल विरोध करणाऱ्यांकडे आहे, हे लपवत नाही. पण तो बाजूला ठेवला तरी एक शंका राहते. ४४ किलोमीटर हा आकडा लांबीचा आहे. नदीकाठाने फिरायला जाणारा माणूस त्यात दिसतो: सकाळचा, बूट घातलेला, जिथून निघाला तिथेच परतणारा. नारायण पेठेतून डेक्कनला कामाला जाणारी, हातात पिशवी असलेली बाई त्यात दिसत नाही. तिला काठाने जायचेच नाही. तिला आडवे जायचे आहे, आणि तिच्यासाठी उंच बांधलेला काठ म्हणजे आणखी एक चढ आणि आणखी एक उतरण. घाटाच्या पायऱ्या पाण्याकडे नेत असत; काठावरचा मार्ग पाण्याच्या कडेने नेतो. जिथे जिथे जुनी वाट पात्रात उतरत होती तिथे तिथे नव्या काठाला दार ठेवले जाईल का, हे माझ्या दृष्टीने त्या आराखड्याचे खरे परीक्षण. ओंकारेश्वरापाशी, भिडे पुलापाशी, विठ्ठलवाडीपाशी. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि शहराला त्या तोंडपाठ आहेत.

वर्षातून एक दिवस मात्र लकडी पूल आपल्या मूळ उपयोगाला परत जातो. आषाढवारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या एकाच दिवशी शहरात येतात. वाकडेवाडीकडून, फर्ग्युसन रस्त्याने, तुकाराम पादुका चौकावरून खंडोजीबाबा चौकात, आणि तिथून लकडी पूल ओलांडून टिळक चौकातून लक्ष्मी रस्त्याने भवानी आणि नाना पेठेतल्या मुक्कामाला. दुपारपासून वाहने बंद. कठड्यापासून कठड्यापर्यंत माणसे, डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका, पायांत साध्या चपला किंवा काहीच नाही. पदपथावर कुणी चढत नाही, गरज नसते. एखादा म्हातारा वारकरी मध्येच थांबून कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहतो, हात जोडतो आणि पुढच्या दिंडीत मिसळतो. रात्री उशिरा अडथळे हलवले जातात. टिळक चौकातला सिग्नल पुन्हा चालू होतो, आणि मागे राहिलेली दोन-चार माणसे पलीकडे जाण्यासाठी गाड्या थांबायची वाट पाहत उभी राहतात.